वाकडच्या पुलाखालचं युद्ध

वाकडच्या पुलाखाली बस अडकली की चाचा आधी हॅण्डब्रेक ओढत, मग चष्मा कपाळावर सरकवत आणि आरशातून आमच्याकडे बघत विचारत, "कुठं होतो आपण?"

"काल? इथंच होतो, चाचा," मागून कुणीतरी म्हणे. त्यात खोटं काही नव्हतं.

कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचे ते ड्रायव्हर. सकाळी आम्हाला उतरवलं की संध्याकाळपर्यंत बस आणि ते, दोघंही पार्किंगमध्ये उभे. एकदा त्यांना सीटखाली एक पुस्तक सापडलं. ना कव्हर, ना पहिली पानं. आठवडाभर त्यांनी ते काचेपाशी ठेवलं. विसरलेल्या छत्र्या, डबे न्यायला लोक आले. पुस्तकाला कुणी वाली नव्हता. शेवटी त्यांनीच वाचायला घेतलं. एका प्राचीन ग्रीक महाकाव्याचा तो मराठी अनुवाद होता.

दिवसा वाचलेलं ते संध्याकाळी आम्हाला सांगत. पण नियम कडक. बस चालू असताना एक शब्द नाही. पहिले काही दिवस सगळ्यांच्या कानात इअरफोन होते. हळूहळू एकेक निघाला. पुढे पुढे तर भलत्या वेळी सिग्नल हिरवा झाला की बसमध्ये हळहळ व्हायची. वाहतूक मोकळी मिळाली म्हणून चिडणारी माणसं पुण्यात आमच्याच बसमध्ये होती.

"दहा वर्षं झाली युद्धाला," ते सांगत, "आणि यांचा सगळ्यात मोठा वीर तंबूत रुसून बसलाय. मान राखला नाही म्हणून."

पुस्तकाची शेवटची पानंही फाटलेली निघाली, तेव्हा मी लायब्ररीतून दुसरा अनुवाद आणून दिला. चूक माझीच. या दुसऱ्या पुस्तकात तोच वीर रुसला नव्हता. 'क्रोधाने पेटून' शिबिरात परतला होता.

बसमध्ये उभे दोन तट पडले. अकाउंट्समधल्या देशपांडेबाई म्हणाल्या, "रुसला काय? दिवाळीला आलेला जावई आहे का तो?" टेस्टिंगची मुलं रुसण्याच्या बाजूने. खरा शब्द ठाऊक असायला ग्रीक कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे वाद छान रंगला.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "रुसलेल्याला वाटतं, कुणीतरी समजूत काढायला यावं. रागावलेल्याला तेही नको असतं."

"मग हा कोण?"

"हा रुसलाय, आणि सगळ्यांना सांगतोय की रागावलोय."

"तुम्हाला बरं माहीत!" देशपांडेबाई म्हणाल्या.

 तेव्हा चाचांनी सांगून टाकलं. थोरल्या भावाशी ते अकरा वर्षं बोलले नव्हते. भावाने मुलीच्या लग्नाला स्वतः येऊन बोलावलं नाही. पत्रिका पोस्टाने पाठवली. "राहतो कुठं? मागच्या गल्लीत! तिकिटावर थुंकी लावायला वेळ होता, चार पावलं यायला नव्हता."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात गोष्ट शेवटाकडे आली. शत्रूकडचा म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला रात्री एकटाच त्या वीराच्या तंबूत येतो. "ज्या हातांनी मुलाला मारलं," चाचा म्हणाले, "तेच हात धरतो. ओठांना लावतो." आणि ते थांबले. पुढची गाडी निघून गेली, मागचे हॉर्न सुरू झाले. चाचा स्टिअरिंग धरून नुसते बसलेले.

"चाचा, रस्ता मोकळा झालाय," मी हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बदली ड्रायव्हर आला. त्याने वाकडपर्यंत आम्हाला रिमिक्स गाणी ऐकवली. तिसऱ्या दिवशी चाचा हजर. नियम मोडून देशपांडेबाईंनी चालत्या बसमध्येच विचारलं, "कुठे होतात?"

चाचांनी बस शिस्तीत बाजूला घेतली, थांबवली. "भावाकडे गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"दार उघडलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, 'ग्यारा साल? ट्रॅफिक था क्या?'"

अख्खी बस हसली. चाचाही हसले, मग चष्मा काढून पुसत राहिले. त्या दिवशी आम्ही सगळे उशिरा पोचलो आणि कुणीही कुरकुर केली नाही.

दोनेक महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि भावाची नजर अधू होत चालली होती. कुणीतरी हाताशी हवं होतं. आता नवा ड्रायव्हर आहे, बसला एसी आहे. वाकडला आम्ही पूर्वीइतकेच अडकतो, फक्त तो वेळ आता लांबतो.

परवा बंद पडलेलं घड्याळ घेऊन मी त्या दुकानात गेले. थोरले भाऊ डोळे मिटून बसले होते आणि चाचा मोठ्याने वाचत होते. अवघड शब्द आला की थांबून हिंदीत समजावत होते. म्हणजे तिसरा अनुवाद तिथे सुरू होता.

"इतने जहाज क्यों गिन रहा है? आगे बढ," भाऊ म्हणाले.

"लिहिलंय ते वाचतोय. मी बांधली नाहीत." मला पाहून चाचांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. आत्ताच सैनिक समुद्रकिनाऱ्याला लागलेत."

माझ्या आधी आलेले एक गृहस्थ दुरुस्त झालेलं घड्याळ मनगटावर बांधून दारातच उभे होते. मी वाट द्यायला बाजूला झाले.

"नाही, नाही," ते कुजबुजले, "उतरू द्या सगळ्यांना."