हातानं ऐकणारा माणूस

सिद्धेश्वर धरणातली माझी मासळी हिंगोलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होती. एका दुपारी मी तिथे असतानाच लाईट गेली. तिथल्या म्हाताऱ्याने जनरेटर सुरू केला, त्याच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटून उभा राहिला. जनरेटरच्या त्या खोलीत गरम वाफा लागत होत्या. त्याचा सदरा घामाने चिंब झाला होता.

"चाचा, घटकाभर आत गारव्यात बसा," मी त्याच्या कानाशी ओरडलो.

तो हसला. "कान तर या मशीननंच नेले. आता हातानं ऐकतो. आत गेलं की हात बधिर व्हतात. मंग हे बिघडलं तर कळंल कसं?"

दोन तासांनी लाईट आली. मासळी बर्फासारखी गार होती. निघताना मी त्याचा हात हातात घेतला. तो हात अजून मशीनसारखाच थरथरत होता.