टांगलेल्या बकेटीचा भार

भरलेली बकेट विहिरीतून वर आली आणि झोके घेत असली, की मामा यारीचा दांडा धरून, झोका थांबेपर्यंत नुसते बसून राहायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "निवू द्या तिला."

आपल्याकडं विहीर खोदताना काठावर यारी बसवतात. लोखंडी खांब, इंजिन आणि तारेला लटकणारी बकेट. ती चालवणारे हे तांड्यावरचे मामा. औंढ्याच्या आसपास ज्यांच्या शेतात विहीर झाली, त्यांनी मामांना पाहिलंच असेल.

आमच्या शेतात यारी लागली तेव्हा मी नुकताच विज्ञानाचा शिक्षक झालो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. मामांनी विचारलं, "सध्या काय शिकवून राहिले सर?"

"वस्तुमान आणि वजन. चंद्रावर गेलं की वजन सहावा हिस्सा होतं, वस्तुमान मात्र तेवढंच राहतं."

"चंद्रावर काहून जावं? हिला ढकलून बघा."

मुरमानं भरलेली बकेट काठाशी लटकत होती. सगळा भार तारेवर, तरी ती जागची हलवताना मला धाप लागली.

"भार तारेनं घेतला," मामा म्हणाले, "पण तिच्यातला माल कमी झाला का? हलवायला जड, तशीच थांबवायलाही जड. चालत्या बकेटीला हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर बकेट काढली. पोरांना हा धडा नीट समजला. मलाही समजला, असं वाटलं.

पुढच्या रविवारी मी काठावर उभा होतो. बकेट झोका घेत माझ्याकडं आली. वर लटकलेली तर आहे, असं वाटून मी ती थांबवायला दोन्ही हात पुढं केले. माझ्या पाठीशी यारीचा खांब होता. विहिरीत दोन माणसं होती, दांडा तसाच सोडला तर बकेट त्यांच्यावर कोसळली असती, म्हणून मामांनी आधी ब्रेक लावला, मग धावत येऊन मला बाजूला लोटलं. तेवढ्या वेळात बकेट खांबाशी पोचली. मामांचा उजवा हात मध्ये सापडला.

खोदकामाचा मुकादम दुसऱ्या बाजूला माणसांना माल उचलायला लावत होता. तो धावत आला. "कसं झालं?"

"माझंच ध्यान न्हवतं," मामा म्हणाले.

शेजारी माझे वडील उभे होते. मी काही बोललो नाही.

दोन बोटं गेली. पण काम गेलं ते बोटांमुळं नाही. ज्याचं ध्यान नसतं, त्याच्या यारीखाली कोणी उतरत नाही. विहिरीतल्या माणसाचा जीव त्या दांड्यावर असतो. डाव्या हातानं यारी चालवायला मामा तयार होते. खाली उतरायला कोणी तयार नव्हतं.

मी दोनदा तांड्यावर गेलो. "मामा, मी खरं सांगून टाकतो."

"राहू द्या सर. शाळेतली पोरं हसतील तुमाला." आणि हसून म्हणाले, "विज्ञानाचा मास्तर बकेटीनं ठोकला म्हणतील."

मी ते मान्य केलं. मला ते सोयीचं होतं.

तिसऱ्यांदा गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पोराबराबर कोयत्यावर गेले. तो ऊस तोडंल, हे भाकरी करतील."

दोन बोटं नसलेल्या हातानं भाकरी कशी थापतील, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिथून सरळ मुकादमाकडं गेलो. तो हॉटेलात आपल्या माणसांबरोबर चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. हात मी पुढं केला होता, आणि मामांनी आधी ब्रेक लावला होता.

मुकादमानं हातातला कप खाली ठेवला.

"त्या दिवशी खाली आमी दोघंच होतो," बाकावरचा एकजण म्हणाला. "सहा महिने झाले, सर. आता सांगून राहिले?"

त्यानं मोबाईल काढून मामांना फोन लावला. बंद होता. त्यानं पुन्हा लावला. मी उभाच होतो. मला कोणी बसा म्हटलं नाही.