टलॉकबाई आणि अल्बीचं चाक

नायरी टलॉक यांनी ग्लेनपारच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. म्हणजे गावातल्या पंचावन्नच्या आतल्या प्रत्येकाचा कान त्यांनी एकदा तरी धरलेला आहे. माझा तीनदा, आणि त्यातला एकदा विनाकारण. त्यांचे वडील रेल्वेत सांधेवाले, आई लोकरीच्या गोदामात. घरात घोड्याचं शेपूटसुद्धा नव्हतं. तरी बाई शर्यतीच्या पंच झाल्या, त्या आवाजाच्या जोरावर. एका वर्षी शर्यत संपल्यावर दोन गाडीवानांची मारामारी जुंपली. तीन पोलीस आणि एक पाद्री मध्ये पडून घामाघूम झाले. बाई चीज रोल विकायच्या खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "हात खाली." दोघांचे हात खाली आले. पोलिसांचेही आले. पुढच्या वर्षी क्लबानं त्यांना हरकतींच्या सुनावणीला बसवलं आणि मी चिटणीस म्हणून शेजारी लिहायला बसलो.

आमच्याकडे घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी गाडी जोडतात आणि घोड्यानं दुडक्या चालीनंच पळायचं असतं. चौखूर उधळला, तर त्याला आवरून पुन्हा चालीवर आणेपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. म्हणून कुणाचं चाक आडवं येऊन घोडा बिथरला, की मागे राहिलेला हरकत घेतो, भोंगा वाजतो आणि निवाडा होईपर्यंत कप टेबलावरच राहतो. पंचांनी दोनच गोष्टी ठरवायच्या. अडथळा आला का, आणि आला नसता तर मागचा पुढे गेला असता का.

१९८६ साली अल्बी स्ट्राकननं गावचा कप जिंकला आणि पाऊण तासात गमावला. कॉलिन मलहॉलंडनं हरकत घेतली होती: अल्बीनं चाक घातलं, माझा घोडा उधळला. बाईंची ती पहिलीच सुनावणी. त्यांनी खोलीतच बसून चित्रफीत दोनदा पाहिली आणि कप कॉलिनला दिला. अल्बी एक शब्द बोलला नाही. त्यानं टोपी घातली आणि घोडा घेऊन निघून गेला. त्या टोपी घालण्यानं गाव विरघळलं. थयथयाट केला असता तर लोक म्हणाले असते, चोर तो चोर आणि वर शिरजोर. पण गप्प राहिला, म्हणून अन्याय झाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कॉलिनचं नाव पडलं कपचोर. तेव्हापासून तो दरवर्षी यायचा, पण कठड्याजवळ आपल्या गाडीत काचा वर करून बसायचा. खाली उतरायचा नाही.

बाईंना तोंडावर कुणी काही बोललं नाही. जास्तीचे कान कुणाजवळ आहेत? पण त्यांचं त्यांनाच लागलं होतं. संध्याकाळी पाऊस पडला आणि गवतावरच्या चाकांच्या खुणा धुऊन गेल्या, आता कधीच कळणार नव्हतं. "मर्डो, मी उठून बघायला हवं होतं," एवढंच त्या मला एकदा म्हणाल्या. तेव्हापासून दर शर्यतीला त्यांच्या टेबलाखाली गमबूट असायचे. अल्बी लांबून दिसला की त्या रस्ता ओलांडायच्या. गंमत म्हणजे तोही नेमका त्याच वेळी ओलांडायचा, आणि दोघं रस्त्याच्या मधोमध समोरासमोर येऊन हवापाण्याबद्दल बोलायचे. बारा वर्षं हा तमाशा मी माझ्या दुकानातून पाहिला.

मग १९९८चा दोन जानेवारी उजाडला. आमच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो, तरी पहाटे भुरभुर पडून गेली होती, गवत ओलं होतं. कपाच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर दोनच गाड्या पुढे निघाल्या. आतल्या बाजूला चिखल, म्हणून दोघांनीही बाहेरचं कमी चिखलाचं गवत धरलं; बाकीचे आतच रुतत राहिले. बाहेरून अल्बी, पोरिज बॉय नावाचा घोडा घेऊन. त्याच्या आतल्या अंगाला मोराग मलहॉलंड, कॉलिनची मुलगी, लेडी हीदर ही घोडी घेऊन. दीडशे मीटर उरले असताना चाकाला चाक लागलं, हीदर उधळली, मोरागनं तिला आवरलं, तरी ती घोड्याच्या अर्ध्या लांबीनं हरली. अल्बीला कप! स्टँडमध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

आणि भोंगा वाजला.

बाई खुर्चीतून उठल्या. "मी बसत नाही या सुनावणीला," त्या मला म्हणाल्या. "कप दिला तर म्हणतील जुनं फेडलं. काढला तर एकाच माणसाला दोनदा बुडवलं. आणि खरं सांगू मर्डो, मलाच माझा भरवसा नाही."

दुसरे पंच शहरातले वकील होते, चकचकीत बुटांचे. ते म्हणाले, "एकट्यानं निकाल देता येत नाही, मॅडम. बसावंच लागेल."

बाई बसल्या. समोर दोघं उभे राहिले, शाळेत उभे राहायचे तसेच.

"एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मोराग, आधी तू."

"बाई, हा माझ्या अंगावर आला! शेवटच्या सरळ पट्ट्यात. हा आला नसता तर मी तीन घोड्यांच्या लांबीनं पुढे असते. यांच्या घराण्याची सवयच आहे ती."

"घराण्याचं विचारलं नाही मी. अल्बी, तू बोल."

"मी सरळ होतो," अल्बी जमिनीकडे बघत म्हणाला. "या खेपेला मी सरळ होतो, बाई."

मी ते तसंच उतरवून घेतलं. चित्रफीत लावली. कॅमेरा एकच, स्टँडच्या छपरावरचा, बाजूनं घेणारा. दोन गाड्या जवळ येतात, चाकं लागतात, घोडी उधळते. कोण कुणाकडे सरकलं ते काही दिसत नाही. वकील म्हणाले, "ज्याचा घोडा उधळला त्याचं नुकसान झालं. उघड आहे. आणि चहा निवतोय."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि वाकून टेबलाखालचे गमबूट ओढले.

"सगळ्यांनी बाहेर चला."

"बाहेर? अहो, चिखल आहे!" वकील म्हणाले.

"तुम्ही गवताच्या कडेकडेनं या."

पुढची शर्यत थांबवली. माईकवाल्यानं सांगितलं की पंच मैदानात उतरलेत, आणि सगळा गाव कठड्याला येऊन लटकला, हातात मटणाच्या गरम पेस्ट्र्या घेऊन. सहासष्ट वर्षांच्या बाई धावपट्टीवर गुडघे टेकून बसल्या. बाहेरच्या गवतावर चारच रेषा होत्या, दोन गाड्यांच्या चार चाकांच्या. बाहेरच्या दोन रेषा, अल्बीच्या, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. आतल्या दोन, मोरागच्या, तितक्याच सरळ येत होत्या, आणि मग हळूहळू बाहेर वळत वळत अल्बीच्या रेषेला जाऊन भिडल्या होत्या. त्या वळल्या होत्या त्या दिशेला, कठड्यात, घोड्यांना तबेल्याकडे न्यायचं गेट होतं.

गेट! आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की दमलेला घोडा गेटाकडे ओढतो. पलीकडे बादली असते, सावली असते. पण जिंकायच्या भरात मोरागची नजर शर्यत संपते त्या खांबावर होती आणि हीदरची गेटावर.

"मोराग, ये इकडे," बाई म्हणाल्या. "कुणाचं चाक वळलंय?"

मोरागही गुडघ्यावर बसली. रेषेवरून बोट फिरवत गेटापर्यंत तिनं पाहिलं. तिचे कान लाल झाले. "माझं," ती म्हणाली. "सरावाला मी हिला रोज याच गेटातून बाहेर नेते, बाई. हिची सवय मीच बिघडवली."

वकिलांनी लांबूनच मान डोलावली. हरकत फेटाळली. माईकवरून निकाल सांगितल्यावर जो आरडाओरडा झाला, त्यानं दोन घोडे खरंच उधळले. बाई पालथ्या बादलीवर बसल्या. गुडघ्यांना चिखल, हाताला चिखल, आणि इतका मोठा सुस्कारा की मला वाटलं टोपी उडेल.

"सुटले रे, मर्डो. बारा वर्षांनी एकदाची सुटले."

मलाही इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी माझी हिंमत झाली नसती.

तेवढ्यात अल्बी आला. ज्याला कप मिळाला त्याचं तोंड असं नसतं. टोपी काढून हातात फिरवत होता.

"बाई, एक सांगायचं होतं."

"आभारबिभार नकोत. खुणा होत्या, मी वाचल्या."

"नाही, ते नाही. त्या वेळचं. शहाऐंशीचं." त्याची हातातली टोपी फिरायची थांबली. "तेव्हा मी आलो होतो. मुद्दाम घातलं होतं चाक. तुमचा निकाल बरोबर होता."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"बारा वर्षं, अल्बी?"

"मी काही खोटं बोललो नाही, बाई. मी बोललोच नाही. लोक आपणहून हळहळले. दुकानात चहा पाजायचे, पाठ थोपटायचे. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं की खरंच अन्याय झालाय आपल्यावर."

"आणि आत्ताच का सांगतोयस?"

"तुम्ही माझ्यासाठी चिखलात गुडघे टेकलेत. मग हा कप गप्प बसून कसा घरी नेऊ?"

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी चिखलाच्या हातानं पुसलं, आणि मग चेहरा शाळेतला झाला. मी नकळत कान झाकले.

"मूर्खा! अरे, बारा वर्षं मी रात्र रात्र ती चित्रफीत डोळ्यांपुढे आणत होते! आणि मला सांगून काय उपयोग? माझं निभावलं कसंतरी. कॉलिनचं काय? चल. माईकवर."

"बाई, सगळ्या गावासमोर?"

"हळहळायला सगळा गाव होता ना? चल."

आणि अल्बी गेला. कप घ्यायला मंचावर चढला आणि कप घेण्याआधी माईक हातात घेतला. चार वाक्यंच बोलला, त्यातली दोन अडखळत. गावकऱ्यांना आपण बारा वर्षं पाजलेला चहा एकाच वेळी आठवला असावा, कारण सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी तो म्हणाला, "कॉलिन, मी चोर होतो. तू नव्हतास."

कठड्याजवळच्या गाडीची काच आधीच खाली झाली होती. आता दार उघडलं. कॉलिन मलहॉलंड, सत्तरीचा, काठी टेकत गर्दीतून वाट काढत आला. मोरागनं त्याचा हात धरायला पाहिलं, त्यानं झटकला. अल्बी पायऱ्या उतरून खाली आला आणि मार खायच्या तयारीनं उभा राहिला.

कॉलिननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारा वर्षं या गावात मी एकटाच खरा होतो," तो म्हणाला. "फार कंटाळा आला होता रे."

"एकटे कुठं होतात?" टलॉकबाई म्हणाल्या. "मीही होते की. फक्त मला माहीत नव्हतं."

कॉलिननं काठी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी बाईंचे चिखलानं बरबटलेले हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत. माईकवाल्यानं पुढच्या शर्यतीची घोषणा केली, तरी गाव कठड्यापासून हललं नाही.