फोनवरची मावशी

माझी मावशी निवृत्त होईपर्यंत अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. कोणाचे वडील जिन्यावरून पडलेले, कोणाच्या बायकोला कळा सुरू झालेल्या. पलीकडून माणसं ओरडत असायची आणि मावशी आधी त्यांच्याकडून पत्ता काढून घ्यायची. घरातही तिचा आवाज कधी चढला नाही. काका म्हणायचे, हिच्याशी भांडायची सोयच नाही, आपणच वेडे ठरतो.

तिच्या जुन्या साहेबांनी तिचं नाव एका मालिकेच्या लेखकाला सुचवलं. मालिका अशाच कंट्रोल रूमवर होती. लेखक तरुण, पण मनापासून काम करणारा. घरी येऊन त्याने पहिला भाग वाचून दाखवला. त्यातली नायिका फोनवर रडणाऱ्या आईला सांगते, की घाबरू नका, तुमच्या मुलाला काही होणार नाही. मावशीने त्याला तिथेच थांबवलं. असा शब्द आम्ही कधी देत नाही, म्हणाली. मग काय सांगता, असं त्याने विचारलं.

"मी फोनवर आहे, असं सांगतो. तेवढंच नक्की असतं."

लेखकाला ते फार आवडलं. मग त्याने खऱ्या घटना मागितल्या. नावं बदलतो, सगळं बदलतो म्हणाला. इथे मात्र मावशी अडून बसली. कामाची पद्धत सांगेन, आमच्या चुका सांगेन, खुर्चीत कसं बसतात तेही दाखवेन, पण लोकांनी त्यांच्या वाईट वेळी जे सांगितलं ते नाही. "ते त्यांचं आहे. माझ्या कानावर पडलं म्हणून माझं होत नाही." लेखकाचा चेहरा उतरला. तो गेल्यावर काका म्हणाले, झालं, सुटलीस तू.

पण कोणाला वाऱ्यावर सोडणं मावशीला जमायचं नाही. तिनेच लेखकाला फोन केला आणि तालमीला येते म्हणून सांगितलं. मी तिला घेऊन गेलो. तिने नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला टेबलाशी बसवलं आणि स्वतः शेजारच्या कपड्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

टेबलावरचा फोन वाजला. स्पीकरवर एक म्हातारी बोलत होती. हे उठत नाहीयेत, म्हणत होती. मध्येच सांगायची, यांनी आज दाढीसुद्धा केली नाही हो. ती माझी मावशी आहे हे क्षणभर माझ्याही लक्षात राहिलं नाही. मुलगी गांगरली. छाती दाबत राहा, इतकं तिने सांगितलं, पत्ता विचारायचा राहिला, आणि शेवटी तोंडातून गेलंच, "आजी, सगळं ठीक होईल."

"होईल ना?" म्हातारी म्हणाली आणि गप्प झाली.

दार उघडून मावशी बाहेर आली. "आजी आता निवांत बसल्या, बाळा. तू म्हणालीस ना, ठीक होईल. त्यांचे हात थांबले." रागाचा लवलेश नव्हता. "चल, परत करू. मलाही सुरुवातीला जमलं नव्हतं."

दुसऱ्या वेळी मुलीने पत्ता विचारला, तो परत म्हणून दाखवला, आवाज खाली आणला आणि म्हातारीबरोबर छातीवरचा एकेक दाब मोजायला लागली. दाराशी उभी असलेली मेकअपवालीही ओठातल्या ओठात मोजत होती. संपल्यावर लेखकाने हळूच विचारलं, हा फोन कोणाचा होता? कोणाचाच नाही, मनानेच रचला, मावशी म्हणाली. तो हसला. म्हणजे तुम्ही आमच्याच धंद्यातल्या निघालात.

एका गोष्टीवर त्याने तिचं ऐकलं नाही. फोन संपला की लगेच पुढचा घ्यायचा, हे मावशीचं म्हणणं. तो म्हणाला, बघणाऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी. नायिकेला कानावरचा हेडफोन काढून नुसतं बसू दे. मावशीने बराच विचार केला.

"आम्हाला तेवढी सवड कधी मिळाली नाही," ती म्हणाली. "तिला मिळू दे."

तो भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. मुलगी हेडफोन काढून बसली तेव्हा काकांनी मावशीकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

पुढे त्याच लेखकाने कोर्टाच्या मालिकेसाठी तिला बोलावलं. कोर्ट मी बाहेरूनच पाहिलंय, असं सांगून तिने त्याला शेजारणीच्या नणंदेचा नंबर दिला. नणंदबाई कोर्टात स्टेनो होत्या.