म्हाताऱ्या माद्यांचं कलम

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी ऐन जोरात होती, तेव्हा मी आखातात, उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावाच्या पलीकडे एका खासगी राखीव रानाच्या ऑफिसात काम करत होते. आम्ही राहायचो अल वक्राला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. जाता-येता रोज नवं डायव्हर्जन. त्यातला एक नवा रस्ता आमच्या रानातूनच जाणार होता. जमीन कमी होणार, म्हणून जनावरंही कमी करायची ठरली, आणि नियमांचा नवा मसुदा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं.

जनावरं म्हणजे ओरिक्स, वाळवंटातली हरणं. अंगानं पांढरीशुभ्र, शिंगं लांब आणि सरळ. मसुद्यात मोठे बदल दोनच होते. थंडीत ससाणे घेऊन शिकारीला येणारे लोक पार कुंपणाला भिडायचे. त्यांची हद्द मागे सारायची. आणि पिल्लं द्यायच्या थांबलेल्या म्हाताऱ्या माद्या आधी दुसरीकडे पाठवायच्या.

कळप सांभाळायचे एक चाचा. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. एका दुपारी ऑफिसात पाणी प्यायला आले आणि त्यांनी विचारलं, "ताई, काय लिवताय एवढं?"

मी वाचून दाखवलं. शिकारीच्या हद्दीवर त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या कलमावर मात्र हातातला पेला खाली ठेवला.

"कान फाटलेली पण जाणार?"

"यादीत पहिली तीच आहे, चाचा."

"मग कळप नाय ऱ्हायचा. नुसती जनावरं ऱ्हातील."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला त्यांना बोलावणं नव्हतं. मी धीर करून त्यांना सोबत नेलं. आमचे जनावरांचे मुख्य डॉक्टर इंग्रज, चाचांना इंग्रजी येत नव्हतं, मधे मी. चाचा उभ्यानंच बोलले. "साहेबांना सांगा, एक सकाळ तिला बाजूला ठेवून बघा. माझं खोटं ठरलं तर सगळ्या म्हाताऱ्या मी स्वतः ट्रकात चढवीन." मी एक शब्दही न गाळता सांगितलं. डॉक्टर थोडे हसले, पण हो म्हणाले.

त्या सकाळी चाचांनी मूठभर हिरवा चारा दाखवत तिला लहान कुंपणात नेलं. ना दोर, ना आरडाओरडा. एरवी ऊन चढायच्या आत ती निघायची आणि सगळा कळप तिच्या मागोमाग टोकाच्या बोरींच्या सावलीत जायचा. त्या दिवशी कोणी निघेचना. दोन माद्या एकीकडे गेल्या, बाकीच्या दुसरीकडे. तरण्या नरांनी शिंगाला शिंग लावलं. एक पिल्लू मधेच उन्हात धापा टाकत उभं राहिलं. डॉक्टरांची दुर्बीण त्या पिल्लावर खिळली होती.

"बस, पुरे झालं," ते म्हणाले. "सोडा तिला."

चाचांनी फाटक उघडलं. म्हातारी मुळीच घाई न करता भांडणाऱ्या नरांमधून सरळ चालत गेली, आणि एकेक करत सगळे तिच्यामागे लागले. टेबलाशी बसून मी ज्यांना 'अनुत्पादक' असं टाइप केलं होतं, त्यांच्यातली ही एक.

डॉक्टरांनी विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं हुतं, साहेब. हिंदीत. तवा साहेब दुसरे हुते."

डॉक्टर मला म्हणाले, "कलम पुन्हा लिहू. ह्यांना बसवून."

नव्या मसुद्यात ठरलं ते असं: तरणे नर हलवायचे आणि म्हाताऱ्या मादीबद्दल कळपरक्षकाला विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. डॉक्टरांच्या आग्रहानं शेवटच्या पानावर चाचांनीही सही केली. देवनागरीत, एकेक अक्षर जपून. "मराठी शाळेत चौथीपर्यंत हुतो," ते मला म्हणाले, जणू काही त्याचीही खात्री द्यायला हवी होती.

नर हलवले त्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. एकमेकांना इजा होऊ नये म्हणून चाचा त्यांच्या शिंगांवर रबरी नळीचे तुकडे चढवत होते. शेवटचा नर फार बिथरला होता. चाचांनी त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि कोकणीत त्याच्याशी काहीतरी बोलत राहिले. ते जनावर शांत झालं, फळीवरून चढून ट्रकात गेलं, आणि चाचाही त्याच्यासोबत आत बसले.