हात काढायचा नाही

भावाचा फोन दुपारी आला. मी नवघरच्या आमच्या घरात ओट्यापाशी उभी होते, गॅसवर आमटी होती. "आक्का, कमल गेली," सुधाकर म्हणाला. मग म्हणाला, "मी हात काढला नाही गं. शेवटपर्यंत धरून होतो…" बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? नवरा बायकोचा हात धरून बसला, बस. पण मी आमटी तशीच उकळत ठेवून खाली फरशीवर बसले. त्या वाक्याचा पुरा अर्थ जगात तीनच माणसांना ठाऊक होता, आणि त्यातलं एक आता गेलं होतं.

तो अर्थ तुम्हालाही सांगून टाकते. कारण पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक माझ्या भावजयीबद्दल उभं राहून बोलले. सोशिक होती म्हणाले, शांत होती, कधी कुणाला दुखवलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, अहो, तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी आलात वाटतं!

एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराची गोष्ट. काशीमीऱ्याला हायवेला लागून सुधाकरचं गॅरेज होतं. चार पत्रे, एक बाभूळ आणि मागे राहायची खोली. दिवसभर ट्रकांची घरघर, धूळ, डिझेलचा वास. कमल महाडकडची, लग्न होऊन आली ती त्या पत्र्यांखालीच. हात सोन्याचा म्हणायचे लोक सुधाकरचा, आणि खोटं नव्हतं ते. पण तोच हात माणसांवरही उठायचा. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे म्हणून झाकणार नाही. ड्रायव्हरांशी मारामाऱ्या, शेजारच्या टायरवाल्याचं डोकं फोडलं, एकदा तर पैसे बुडवले म्हणून एका टेंपोची काच पहारीने खाली आणली. आणि घरात कमल. मारायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मारायचा, मीठ नीट पडलं तर दुसरं काही सापडायचं. आमची आई म्हणायची, "लहानपणापासून तापट गं तो." मी म्हणायचे, "आई, ताप आला की माणूस झोपतो, बायकोला झोडत नाही." मी भांडले, चार माणसं जमवली, कमलला दोनदा माझ्याकडे घेऊन आले. दोन्ही वेळा ती आपणच परत गेली. विचारलं तर म्हणायची, "जायचं तर एकदाच जाईन आक्का. असं येऊन-जाऊन नाही." जाणार कधी, की तिथेच मरणार, हा घोर मला लागून राहिला होता. दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला तरी मी उठून खिडकीशी जायचे.

आता थोडं गॅरेजचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोटारीच्या पुढच्या चाकात ब्रेकचे पॅड असतात, ते कॅलिपर नावाच्या लोखंडी पकडीत बसतात, आणि ते जागेवर धरायला आडव्या लोखंडी पिना असतात. पॅड बदलायचे तर आधी पिना बाहेर काढायच्या. चांगल्या गाडीत चार ठोक्यांत निघतात. पण आमच्या इकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. नुसती हवा लागून लोखंड गंजतं. पिना अशा जाम व्हायच्या की पिन कुठे संपते आणि कॅलिपर कुठे सुरू होतं कळू नये. बत्तीने तापवावं तर आतलं रबर जळतं. मग रॉकेल सोडून ठेवायचं आणि पिनेच्या टोकावर पंच धरून हातोडीने हाणायचं. पंच म्हणजे बोटाएवढी पोलादी कांडी. घाव सरळ आणि पुरा बसला पाहिजे. घाबरत मारलं किंवा तिरकं बसलं, तर पिनेचं डोकं फुलतं, आणि फुललेली पिन भोकातून जन्मात जात नाही.

एकाने पंच धरायचा, दुसऱ्याने मारायचं. सुधाकरच्या तोंडापुढे कामाला माणूस टिकत नसे, म्हणून पंच धरायला कमल. पदर खोचून चाकापाशी उकिडवी बसायची, दोन बोटांत पंच, आणि तिच्या बोटांपासून इंचभरावर त्याचा तो दीड किलोचा हातोडा धाडधाड पडायचा. तिने जराशी बोटं आकसली की हा ओरडायचा, "हात काढायचा नाही! हात हलला की पिन फुलते!" आणि खरंच हलला तर तिथेच एक कानाखाली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पुढचा घाव पिनेवर बसणार की बोटांवर, ते तिचं तिलाच माहीत नसायचं, तरी हात जागेवर.

राई गावच्या म्हात्रेकाकांनी जमिनीचा तुकडा विकून एक जुनी परदेशी गाडी घेतली होती. घेतली आणि खाडीच्या कडेला नुसती उभी करून ठेवली, शोभेला. पोरीचं लग्न निघालं तेव्हा आठवण झाली की नवरी गाडीतून न्यायची. गाडी ढकलत गॅरेजला आली. ब्रेक दाबला तर पॅडच नाहीत म्हणायची वेळ. एका बाजूच्या पिना निघाल्या. दुसऱ्या बाजूची एक काही केल्या हलेना. सुधाकर दिवसभर तिच्यावर तुटून पडला. शिव्या देत, घामाघूम, वेड्यासारखा हाणत होता. शेवटी पिनेचं डोकं फुललंच. कमल पंच खाली ठेवून म्हणाली, "रागानं नाही निघायची ती." एवढंच. त्याच्या हातात पाना होता. पान्यानेच मारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुकटीची पिशवी घेऊन मी पोचले तर कमल मोरीत तोंड धूत होती. भुवई फाटलेली, डोळा बंद, पाणी लाल जात होतं. मी पिशवी टाकली, पायातली चप्पल काढली आणि बाहेर येऊन सुधाकरला पाठीत, मानेवर, डोक्यात, जिथे बसेल तिथे हाणली. म्हात्रेकाका खुर्ची टाकून बसले होते, ते उठून बाभळीमागे गेले. मोठ्या बहिणीवर हात उगारायची त्याची टाप नव्हती. "मार, आक्का," एवढंच म्हणाला. मला त्याचा अजूनच संताप आला. मार खाऊन मोकळं व्हायचं होतं त्याला!

मागून कमल आली. खांद्याला कपड्यांची पिशवी. "आक्का, चप्पल घाला पायात. मी चालले महाडला. आता एकदाच." मी म्हटलं, चल, रिक्षा बघते. तर म्हणाली, "थांबा. काकांना शब्द दिलाय, ती पिन काढून जाते."

पिशवी बाभळीला टांगली. कानस घेऊन बसली आणि फुललेलं डोकं घासून घासून सारखं केलं. घाई नाही, रडणं नाही. पुन्हा रॉकेल सोडलं. मग उठून हातोडा स्वतःच्या हातात घेतला आणि पंच सुधाकरसमोर धरला.

"आज तुम्ही धरा."

"येडी झालीस काय? तुला जमणारे?"

"तुम्ही मारलेलं रोज जवळून बघते मी. तुमच्यापेक्षा जास्त बघितलंय."

तो कसनुसा हसला, माझ्याकडे बघितलं. मी चप्पल अजून हातातच ठेवली होती. म्हात्रेकाका बाभळीमागून म्हणाले, "धर रे सुधाकर! तुजीच बायको हाय, वाघीन न्हाय!" मग तिचा डोळा नीट बघितला आणि हळूच म्हणाले, "का हाय?"

बसला सुधाकर. दोन बोटांत पंच धरला. कमलने हातोडा डोक्यावर नेला. इतक्या उंच तर तो स्वतःही नेत नसे. खाली येतोय न येतोय तोच यानं हात मागे खेचला, पंच खणकन दगडावर पडला आणि हातोडा चाकाजवळच्या मातीत रुतला.

"हात काढायचा नाही," कमल म्हणाली. आवाज चढला नाही. "हात हलला की पिन फुलते."

त्याने पुन्हा धरला. माझ्या भावाला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायची सोय नाही. तो एकदा हातोड्याकडे बघे, एकदा तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे. पहिला घाव पंचावर बसला. दुसरा बसला. तिसरा पंचाच्या कडेवरून निसटून त्याच्या अंगठ्यावर आला. गुरासारखा ओरडला तो. रक्त कॅलिपरवरून खाली टपकलं. पण काय सांगू… हात तिथेच होता. चौथ्या घावाला पिन अशी सुटली की पलीकडे पत्र्यावर जाऊन आदळली, टण्ण. हायवेवरून ट्रक जात होते.

कमलने पिशवी काढली, हातोडा तिच्यातच घातला आणि चालायला लागली. "तो कशाला नेतेस?" सुधाकरने अंगठा दाबत विचारलं. "असू दे," म्हणाली. रिक्षात बसली आणि गेली. आणि हा बाबा दुसरा हातोडा विकत आणायचा सोडून हात बांधून बसून राहिला. जाम पिनेची गाडी आली की म्हणायचा, आज नाही जमत.

सणाच्या आधी तो महाडला गेला. मी सोबत गेले, मध्ये बोलायला नाही, नुसती लक्ष ठेवायला. कमल ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने अटी-बिटी घातल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "मी आणलेली हातोडी आता माझ्या स्वैपाकघरात राहील. लागली की मला सांगायचं. मारणार मी, धरणार तुम्ही." सुधाकरने मान हलवली. बरं झालं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. मी असते तर परत आले नसते. पण ती मी नव्हते.

त्यानंतर काशीमीऱ्यात माणसं मुद्दाम बघायला थांबायची, बाई हातोडा मारतेय आणि मिस्त्री पंच धरून खाली बसलाय. थट्टा करायचे. एक ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, घर में भी ऐसाच है क्या?" सुधाकरने खालूनच उत्तर दिलं, "तू बोल मत, उसका निशाना चुकेगा." त्याचा हात पुन्हा कधीच उठला नाही असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात एकदा उठला होता, जेवताना, माझ्यासमोर. कमल भाकरी थापत होती. पिठाच्या हातानेच तिने खिळ्यावरची हातोडी काढली, त्याच्या ताटात भाकरीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "जेवा." हात वरच्यावर थांबला. मग त्या हाताने त्याने भाकरी मोडली. ती शेवटची वेळ.

बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं होतं, "खरं सांग, तो तिसरा घाव निसटला होता का गं?" ती नारळ फोडत होती, त्याच हातोडीने. "आक्का, निसटला असता तर अंगठा राहिला असता का?" म्हणाली, आणि करवंटी माझ्याकडे सरकवली. "खोबरं काढा." अशी होती आमची शांत, सोशिक कमल.

परवा गेले होते सुधाकरकडे. गॅरेज कधीच गेलं, तिथे इमारत झाली. तो आता तिथल्याच दोन खोल्यांत एकटा असतो. मी कालवण करायला घेतलं आणि नारळ मागितला. त्याने नारळ आणला. मग खिळ्यावरची हातोडी दोन्ही हातांनी काढून माझ्यापुढे केली. दांडा तिच्या पिठाच्या हाताने गुळगुळीत झालाय. "मी नाही हात लावत हिला," म्हणाला, "तू मार."

मी म्हटलं, नारळ ठेव खाली फरशीवर. त्याने ठेवला नाही. गुडघे दुखतात तरी उकिडवा बसला आणि नारळ हातात धरून पुढे केला. अंगठ्याचं नख अजून वाकडंच आहे. "अरे, लागेल सुधाकर, मला नीट दिसत नाही हल्ली…"

"मार आक्का," तो म्हणाला. "मी धरलाय."

मी हातोडी उचलली. त्याने हात काढला नाही.