सुरणाचा दोष

सुरुवातीला आम्ही दोष सुरणाला दिला. आमच्या कुंभारवाडा गावाकडे रानातला सुरण आमसुलं घालून चांगला उकडावा लागतो, नाहीतर तोंड खाजतं. माझ्या तोंडाची आठवडाभर आगआग होत होती. जीभ टाळूला चिकटायची, पाण्याच्या घोटाशिवाय भात खाली उतरत नव्हता. आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूनं, कपाळावर हात मारला.

"माजीच चूक हाय. आमसुलं कमी पडली."

पुढच्या वेळी तिनं सुरण तीनदा उकडला, पार लगदा होईपर्यंत. जळजळ होती तशीच. शेवटी तिनं सुरण घरात आणणंच सोडलं, आणि मी मनातून तिलाच बोल लावत राहिले. माझा स्वभावच तसा. दुखलं की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं.

मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. चूल धुरावली की सगळ्यांचे डोळे पाणावायचे, माझे तेवढे कोरडे. सुरण काही डोळ्यांत जात नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

बेळगावात डॉक्टरीणबाईंनी पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटायला लावले. पट्टीचं जेमतेम टोक भिजलं होतं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी रोगाचं परदेशी नाव सांगितलं, ते मला उच्चारता येईना. अर्थ मात्र कळला. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. बरं होत नाही, आवरता येतं. डोळ्यांत औषधाचे थेंब नेमानं घाला, नाहीतर बुबुळाला इजा होईल. त्या आणखीही बरंच बोलल्या, पण माझ्या डोक्यात एकच बसलं, डोळे जाणार.

परतीच्या बसमध्ये मी एक डोळा झाकून दुसऱ्यानं झाडं बघत होते, मग तो झाकून पहिल्यानं. दिसत होतं. तरी दर वळणावर पुन्हा बघत होते.

आत्ती दारातच उभी होती. "सुरणानंच झालं न्हवं?"

"न्हाई आत्ती. माझ्या अंगातच हाय. तुमची चूक न्हाई."

"मग जातंय कवा?"

"जात न्हाई."

ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मीही रडले. हुंदके आले, डोळे मात्र नुसते चुरचुरत राहिले. तिनं माझे गाल पदरानं पुसले, मग तो पदर हातात धरून बघितला. कोरडाच होता.

"औषध कुठं हाय?" तिनं घाबरून विचारलं.

मी पिशवीतून बाटली काढून दिली. पहिला थेंब तिनंच घातला.